लाल पेन जवळ ठेवा, बाबा

निगाता, जपान
१४ जून

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "फोनवर तू काय बोलतेस ते निम्मं कळत नाही, पत्र लिही की" असं तुम्ही सांबऱ्याच्या विमानतळावर म्हणालात, त्याला अडीच महिने झाले. आज रविवार, बाहेर पाऊस, म्हणून बसले एकदाची. तुम्ही लाल पेन घेऊन वाचणार हे मला माहीत आहे. आई, वाचून होईपर्यंत यांना पेन देऊ नकोस.

आधी आईचं. जेवते आहे, वेळेवर जेवते आहे. तू बॅगेत कोंबलेली शेंगाचटणी मे महिन्यातच संपली. कडक भाकऱ्या चार उरल्यात, त्या सणासुदीला ठेवल्यात. इथला भात चिकट म्हणून तू काळजीत होतीस, पण अगं, तो आपल्या इंद्रायणीचाच भाऊ आहे. हा मुलूखच तांदळाचा. कोशिहिकारी म्हणून इथला तांदूळ, त्याचं नाव काढलं की माणसं आपल्या लेकाचं कौतुक सांगावं तशी बोलायला लागतात. दुपारचं जेवण शाळेतच. पोरं पांढरे अ‍ॅप्रन आणि टोप्या घालून स्वतः वाढतात, शिक्षकांनीही त्याच वर्गात, त्यांच्याच बरोबर बसायचं. सोबत २०० मिलिलीटर दूध. बाबा, पहिल्या दिवशी ते दुधाचे क्रेट बघितले आणि तुमच्या शाळेतलं अक्षर दासोहचं जेवण, क्षीरभाग्याचं दूध, सगळं डोळ्यापुढं आलं. फरक एवढाच, इथं मास्तरला तांदळाच्या पोत्यांचा हिशेब ठेवायला लागत नाही. महिन्यातून एखाद-दोनदा करी असते. पिठल्याएवढी दाट आणि तिखटाच्या नावानं शून्य. पण सगळा वर्ग चमचे थांबवून माझ्या तोंडाकडं बघत होता, भारतातली बाई काय म्हणते! मी "ओइशी" म्हणाले, म्हणजे छान. खोटं बोलले, आई. डुकराचं मटण कुठल्या दिवशी आहे ते महिन्याच्या पत्रकात आधीच छापून येतं, त्या दिवशी मी डबा नेते.

टोकियोहून इकडं शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दोन तास लागतात. मधे डोंगराखालून २२ किलोमीटरचा बोगदा. लोंढ्याहून गोव्याला जाताना कॅसलरॉकच्या पुढं आपण बोगदे मोजायचो ना, तसं मोजायला गेले तर हा एकच संपेना. बाहेर पडल्यावर दोन्हीकडं शेतंच शेतं. माझ्या खोलीच्या मागच्या खिडकीतूनही भाताचं शेत दिसतं. मे महिन्यात लावण झाली. एक आजोबा यंत्रावर बसून आले आणि दुपारच्या आत एकटेच अख्खं शेत लावून गेले. वाकलेल्या बायका नाहीत, गाणं नाही, चिखलफेक नाही. बघायला बरं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही. आता इथंही पाऊस लागलाय. त्याला त्सुयू म्हणतात, लिहिताना 'आलुबुखाराचा पाऊस' असं काहीतरी लिहितात. आपल्या खानापूरच्या पावसापुढं हा म्हणजे नळ गळतोय एवढंच. तिकडं सुरू झाला काय? गोठ्याचं छप्पर शाकारून घेतलंत?

घरातली सगळ्यात शिकलेली मी, इथं अंगठेबहाद्दर झाले आहे. राहायची जागा ठरली की १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. तिथल्या फॉर्मवर माझं नावच काय ते मला लिहिता येत होतं, तेही त्यांच्या लिपीत लिहायला वेळ लागला. बँकेत सहीऐवजी शिक्का चालतो, तो लाल शाईत बुडवून उठवताना रेशन दुकानात अंगठा लावणारी आजी आठवली. बसच्या पाट्यांचंही तेच. खानापूर-बेळगाव लाल बसमध्ये मला खिडकीशी बसवून तुम्ही कन्नड पाट्या वाचायला शिकवायचात, शाळेत कन्नड सुरू व्हायच्या आधी. 'हे बघ, हा गोल वळला की ख.' इथं मी तसंच करते. माझ्या शाळेच्या थांब्याची दोन अक्षरं आहेत, त्यातलं एक दार उघडल्यासारखं दिसतं. दार दिसलं की उतरायचं. एकदा दुसऱ्याच कुठल्या थांब्याला तसलंच दार होतं. पाऊण तास चालले.

आता शाळेचं. माझं काम सहायक शिक्षिकेचं, मुख्य शिक्षक जपानीच. पाचवी-सहावीला इंग्रजी हा विषय म्हणून इथं २०२० पासून आला, वर्षाला ७० तास. पहिल्या आठवड्यात एका ठिकाणी मला अगदी गोड शब्दांत विचारलं, "अमेरिकेत कुठं असता?" मी भारतातली म्हटल्यावर समोरच्या बाई हसल्या, पण ते हसू जरा उशिरा आलं. नंतर बरेच दिवस मला फक्त सीडीच्या मागोमाग शब्द म्हणायचं काम होतं. सीडीतल्या बाईच्या 'वॉटर'मधला ट कुठं गायब होतो कुणास ठाऊक; माझा ट मात्र ठणठणीत असतो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. रात्री खोलीवर बसून ट गाळायचा सरावही केला. मग सोडून दिला.

कागदपत्रांच्या वेळची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. माझ्या जन्मदाखल्यावर बेलगाम, पदवीवर बेलगावी. नोकरी देणाऱ्या कंपनीतल्या बाईंनी फोन करून विचारलं, "तुम्ही गाव कधी बदललं?" मी म्हटलं, गाव तिथंच आहे, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं. "मग तुम्ही काय म्हणता?" म्हणाल्या. मी म्हटलं, बेळगाव. तिकडं जरा वेळ शांतता. शेवटी तिन्ही नावं एकाच गावाची आहेत असं लिहून द्यायला लागलं. आणि इथल्या पोरांना ळ म्हणताच येत नाही, ती 'बेरुगाऊ' म्हणतात. चौथं नाव झालं.

ओळखीच्या तासाला मी फोटो दाखवले. किल्ल्याचा खंदक, आपलं घर, कुंद्याचा डबा. मला किती भाषा येतात ते विचारलं. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी आणि थोडी कोकणी म्हटल्यावर अख्खा वर्ग "एऽऽऽ" करून ओरडला. मी सांगितलं, यात हुशारी काही नाही, गणपत गल्लीतली भाजीवालीसुद्धा गिऱ्हाईक बघून भाषा बदलते. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग तुमची कोकुगो कोणती?" इथं जपानी विषयाला कोकुगो म्हणतात, अर्थ सरळ 'देशाची भाषा'. तिला एका शब्दात उत्तर हवं होतं. बाबा, या प्रश्नावर आपल्याकडं १९५६ पासून माणसं भांडतायत, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, आणि हिला तासाला पाच मिनिटं उरली असताना उत्तर पाहिजे! मी फळ्यावर 'आई' लिहिलं, त्याखाली कन्नडात 'अव्वा', मग 'मदर'. पोरांनी 'आई' चित्र काढावं तसं उतरवून घेतलं, एकानं तर ईवरचा रफारासारखा फाटा आधी काढला. आई, जपानीत 'आइ' म्हणजे प्रेम. ते कळल्यावर वर्गात जो हशा आणि लाजालाजी झाली ती तू बघायला पाहिजे होतीस.

बाबा, एक गोष्ट आपण फोनवर कधी बोललो नाही. या नोकरीला बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा दाखला लागला. त्यासाठी तुम्ही बेळगावला तीन हेलपाटे घातलेत, क्लार्कच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राहिलात, सरकारी मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. कट्ट्यावर तुम्हाला टोचायचे ते मला लहानपणापासून ऐकू यायचं. "काय मास्तर, गावच्या पोरांना मराठी आणि तुमच्या पोरीला कॉन्व्हेंट?" तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत, चहा संपवायचात. घरी येऊन मात्र त्या दिवशी मला मराठीतला एक धडा जास्तच वाचायला लागायचा.

दाखल्यानं मला इथं आणलं, ते खरंच. पण गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते.

सहावीत एक मुलगा आहे, एप्रिलपासून तोंड उघडलेलं नाही. इथली पोरं चुकायला फार घाबरतात, हा तर वहीत बोट घालून बसायचा. त्या दिवशी पाऊस होता, शिक्षक फोटोकॉपी काढायला गेले होते आणि बाहेर शेतात बेडकांनी कालवा मांडला होता. मला तुमचा चौथीचा वर्ग आठवला. जंगलाकडच्या वाड्यांवरची पोरं त्यांच्या घरचा शब्द बोलली की तुम्ही तो आधी फळ्यावर लिहायचात, मग शेजारी पुस्तकातला. आधीचा पुसायचा नाहीत. मी बेडूक काढला आणि विचारलं, हा काय म्हणतो? वर्ग म्हणाला, "केरो केरो". लिहिलं. शेजारी सीडीतल्या बाईचं 'रिबिट'. मग म्हटलं, माझ्या गावचा बेडूक 'डराव डराव' म्हणतो. पोरं फुटली. कुत्रा त्यांचा 'वान वान', आपला 'भू भू'. कोंबडा त्यांचा 'कोके कोक्को', आपला 'कुकूचकू'. आणि मागून एक घोगरा आवाज आला, "माय फ्रॉग इज डराव डराव." तोच तो. चार महिन्यांच्या कोवळ्या रेड्यानं हंबरावं तसा आवाज. पुढची पंधरा मिनिटं तो गप्प बसेना, शेवटी शिक्षक परत आले ते दारातच थांबले. त्यांनी फळा पुसायला घेतला, तर पोरांनी पुसू दिला नाही.

आणखी एक गंमत. इथं स्कूलला 'सुकूरू' म्हणतात. जोडाक्षरानं शब्द सुरू करायची त्यांची जीभच नाही. आजी 'इस्कूल' म्हणायची, 'इस्टँड' म्हणायची, तेही त्यातलंच. आजीनं पुढं इ लावली, यांनी मधे उ घातला. मी लहान असताना आजीला दुरुस्त करायची, ते आठवून आता लाज वाटते.

बाबा, एक काम आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमची चित्रांची कार्डं असतील, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर काढलेली. ती कुरिअरनं पाठवा. बेडकाचं नक्की शोधा. उंदरांनी खाल्लं असेल तर नवं काढा, पण तसंच काढा, बटाट्याला डोळे फुटल्यासारखं. सुबक काढू नका.

दोघांना नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या. इथं साडेतीन तास आधी उजाडतं, तेव्हा पहाटे पाचला फोन केलात तरी मी उठलेली असते.

तुमची,
चिमी

ता. क. आई, पगार २५ तारखेला होतो. पैसे टाकले की त्याच दिवशी सोसायटीत जाऊन पाटल्या सोडवून आण. बाबांना बरोबर ने, पण बाहेर बसव. हिशेब तू बघ.