लाल चिंध्या बांधणाऱ्या पोरांना

एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनो,

श्रावणात तुम्ही आमच्या कॉलनीतली बाग साफ करून गेलात. गणपतीच्या तोंडावर गवत कापायचं यंत्र बागेतून फिरलं, आणि तुम्ही खुणा केलेली अकराच्या अकरा रोपं जागेवर शाबूत राहिली. ती बघितल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवलं नाही.

बागेत स्वयंसेवक शिरले की पहिला अर्धा तास धोक्याचा. हातात खुरपं, अंगात उत्साह, मग हिरवं दिसेल ते उपटलं जातं. तुमच्यातल्या एका मुलीनं मात्र खुरपं खाली ठेवलं आणि माळीकाकांना विचारलं, "काका, यातलं ठेवायचं काय?" काकांनी वाकून वाकून दाखवलं. जांभळाची सहा, कडुनिंबाची तीन, करंजाची दोन. सगळी वीतभर, गवतात लपलेली, पाखरांनी नाहीतर वाऱ्यापाण्यानं पेरलेली. तुम्ही जुन्या लाल ओढणीच्या पट्ट्या फाडल्यात आणि प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काठी रोवून तिच्यावर बांधल्यात. रोपाला गाठ मारली नाहीत, हे विशेष. खोड जाड होत गेलं की तीच गाठ सालीत रुतते.

एवढ्याशा चिंधीचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. यंत्राची नायलॉनची तार गवताबरोबर कोवळ्या खोडाची सालही सोलते. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. साल गोल सोलली गेली की वर पानं हिरवी दिसतात, खाली मुळं उपाशी मरतात. झाड वाळायला काही महिने लागतात, आणि तोवर सगळे वाळवीला नाहीतर पाण्याला दोष देत बसतात. शिवाय आपसूक उगवलेल्या रोपाचं सोटमूळ सरळ खाली गेलेलं असतं. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचं मूळ तळाशी गोल फिरून बसतं आणि जमिनीत लावल्यावरही तसंच फिरत राहतं. म्हणजे बागेतलं सगळ्यात कसदार रोप फुकट आलेलं असतं, आणि पहिलं तेच कापलं जातं.

मागच्या पावसाळ्यात झाडं लावून, फोटो काढून गेलेल्या मंडळींचं नाव घेत नाही. पण त्यांची वाळलेली रोपं तुम्ही उकरलीत तेव्हा काळ्या पिशव्या जशाच्या तशा निघाल्या! खड्डा जेमतेम सहा इंच. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा, पिशवी ब्लेडनं चिरून काढायची, गोल फिरलेली मुळं मोकळी करायची, फारच वळलेली असतील ती छाटायची, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. बॅनरला लागला तेवढा वेळ पुरला असता. जी तीन तग धरून होती, ती तुम्ही पुन्हा नीट लावलीत. खोडाभोवती पालापाचोळा पसरलात तोही दोन-तीन इंचच, आणि खोडापासून चार बोटं सोडून. खोडाला टेकून ढीग केला की साल कुजते.

काँग्रेस गवताचंही तसंच. माती ओली असताना मुळासकट उपटलंत, आणि फुलावर आलेलं वेगळ्या पोत्यात भरलंत. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं. ते खतात गेलं तर पुढच्या वर्षी खताबरोबर सगळ्या बागेत. बाह्या खाली, हातात मोजे, हे तुम्हाला कुणी तरी आधी बजावलेलं दिसलं. उघड्या हातानं उपटलं की बऱ्याच जणांच्या अंगावर खाज उठते.

जुन्या वर्षावृक्षाचे खिळे काढताना आंबुराखाली लाकडाची फळी धरलीत, त्यामुळे साल चेपली नाही. सालीनं गिळून टाकलेले खिळे उकरायच्या फंदात पडला नाहीत, तेही बरं केलंत. झाडानं ते आपल्यापुरते मिटवलेले असतात. बाटल्यांच्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून पोत्यावर मोठ्या अक्षरात 'काच' लिहिलंत. घंटागाडीवरच्या माणसाच्या हाताचा विचार या गावात किती जण करतात? माणुसकी म्हणून भाषणं पुष्कळ होतात. पुढच्याचा हात कापू नये म्हणून कुणी खडूनं दोन अक्षरं लिहिली, तर ती आम्हाला भाषणापेक्षा मोठी वाटतात. सगळं झाल्यावर मिसळीचा आग्रह झाला, तो मात्र तुम्ही अजिबात मोडला नाहीत. कोल्हापुरातली पोरं म्हणून तेही शोभलं.

पाचोळ्याच्या ढिगाचा हिशेब द्यायचा राहिला. जाळीचा पिंजरा तुम्ही मीटरभर रुंद आणि तेवढाच उंच केलात, ते माप बरोबर आहे. त्याहून लहान ढीग आतून तापत नाही. तीन भाग सुका पाला, एक भाग हिरवं गवत, मध्ये मध्ये शेणकाला आणि थोडं गुळाचं पाणी. गुऱ्हाळांच्या मुलखात गुळाची काय ददात! तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या पावसात वरचा कागद उडाला आणि गवत चिकटून घाण वास सुटला. काकांनी ढीग उलटा करून त्यात सुका पाला मिसळला, तसा वास गेला. आता मुठीत दाबलं की एखाद-दुसराच थेंब येतो, म्हणजे ओल बेताची आहे. वर्षावृक्षाची बारीक पानं निम्मी कुजलीत. आंब्याची आणि वडाची अजून कडक आहेत, ती पुढच्या वेळी चुरून टाकू.

तुमच्या योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात, हे ठाऊक आहे. तुमचे इथले तास वहीत भरून झालेही असतील. तरी दसऱ्यानंतर एकदा चक्कर मारा. पाऊस थांबला की माती आवळते आणि ही अकरा पोरं तहानतात. रोज तांब्याभर पाणी दिलं तर मुळं वरच घुटमळतात; आठवड्यातून दोनदा, आळं करून, निम्मी बादली सावकाश मुरवायची. काकांना गुडघ्यामुळे बादल्या वाहणं जमत नाही, नळ फाटकाशी आहे, आणि जांभळं पार मागच्या भिंतीला. तीसेक मीटर पाइप आम्ही आणून ठेवतो. ढीगही तेव्हा दुसऱ्यांदा उलटायला आलेला असेल, तर दोन फावडी घेऊन या. शेणाची पाटी आमच्याकडून.

आपली,
सकाळी बागेत फिरायला येणारी मंडळी, कोल्हापूर