शिमोनादाच्या आजी, तुमचे आभार मानायचे राहिलेत

आजी,

तुमचं नाव विचारायचंच राहिलं. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही हेही कळतंय, तरी लिहितोय, कारण जपानमधल्या तुमच्या शिमोनादा स्टेशनवर तुमच्यासाठी चिठ्ठी ठेवावी म्हटलं तर ती घ्यायला तिथे माणूसच नाही. ना तिकीट खिडकी, ना मास्तर. छोटीशी लाकडी इमारत, एकच प्लॅटफॉर्म, शेडखाली बाक आणि समोर नुसता समुद्र. १९३५ सालचं स्टेशन, 'सेइशुन १८' या स्वस्त रेल्वे तिकिटाच्या पोस्टरवर आल्यापासून लोक लांबून लांबून बघायला येतात, मीही तसाच आलो होतो.

नोव्हेंबरचा सूर्यास्त डोळे भरून बघितला, एका डब्याची डिझेल गाडी आली, मागच्या दाराने चढलो, मशीनमधून नंबराची चिठ्ठी घेतली, बसलो आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की सॅक बाकावरच राहिली. पासपोर्ट त्यात, पैसे त्यात, खिशात फक्त सुटी नाणी. पोटात गोळाच आला. पुढे इयोशी स्टेशनला उतरलो पण लगेच परत जायला गाडी कुठली, एक्सप्रेस गाड्या १९८६ पासून आतल्या बाजूने, उचिको गावावरून जातात, किनाऱ्याच्या लाइनवर आता तुरळक लोकल तेवढ्या.

परत पोचेपर्यंत दोन तास गेले. मिट्ट काळोख, समुद्राचा नुसता आवाज, आणि दिव्याखाली त्याच बाकावर तुम्ही बसलेल्या! संध्याकाळी फुलांच्या वाफ्यातलं तण काढताना तुम्ही दिसला होतात, मान लववून नमस्कार केला होता, तेवढीच आपली ओळख. सॅक मांडीवर घेतलेली, तिच्यावर तुमचा टॉवेल पांघरलेला, आणि हातमोज्यांना माती तशीच. मला बघून उठलात, दोन्ही हातांनी सॅक पुढे केलीत आणि म्हणालात, 'दाइजोबु, दाइजोबु', म्हणजे काळजी नको. मग मला वेळापत्रकाच्या बोर्डापाशी नेऊन मी आत्ता आलो त्याच गाडीवर बोट ठेवलंत. म्हणजे मी परत आलो तर हिनेच येणार हे तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं, आणि सॅक सोपवायला स्टेशनात कुणी नाही म्हणून एवढ्या गार वाऱ्यात स्वतःच बसून राहिलात.

मी पैसे काढले तर तुम्ही जोरजोरात हात हलवलात. उलट खिशातून दोन मिकान, म्हणजे तिकडची छोटी संत्री, काढून माझ्या हातावर ठेवलीत, आणि मात्सुयामा शहराकडची गाडी येईपर्यंत घरीसुद्धा गेला नाहीत आजी, शेजारी बसून राहिलात. मला जपानीतले चार शब्द येतात, त्यातला 'आरिगातो' (आभार) किती वेळा म्हटला असेल कोण जाणे, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही.

कुणी मराठी माणूस शिमोनादाला गेला आणि फुलांच्या वाफ्यापाशी एक आजी दिसल्या तर प्लीज त्यांना सांगा, सॅक विसरलेला तो मुलगा सुखरूप घरी पोचला.