बिल्ला खिशात का जातो?

महोदय,

'हल्लीची मुलं नोकरीत टिकत नाहीत' हा कालच्या पुरवणीतला लेख वाचता वाचता चहा गार झाला. लेखकमहाशयांनी पगार, मोबाइल, आईबापांचे लाड असं सगळ्यांना झोडपलं. मालकाची गावात पत काय, एवढं विचारायचं तेवढं राहिलं.

मी एका नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षं रोखपाल होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला काढता येणार सहा महिन्यांत मिळून १००० रुपये. ठेवींचा विमाही तेव्हा एक लाखापुरताच. बँक अडकली मुंबईची, रांग लागली आमच्या काउंटरसमोर! अर्थात, आमच्या संचालकांच्या सोयऱ्यांना दिलेल्या कर्जांची कुजबुज आधीपासून होतीच.

सगळ्यात आधी पिग्मी एजंट, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारे, गळाले. रोज संध्याकाळी पानवाल्यासमोर, भाजीवालीसमोर उभं राहायचं त्यांना. 'काय हो, तुमची पण तसलीच का?' हे ऐकून घ्यायला कमिशन पुरत नाही. मग तरुण क्लार्क. पगार एक तारखेला होत होता, हे आपल्या लेखकांनी ध्यानात घ्यावं. एक मुलगा सुटताना छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकू लागला, तेव्हाच मी ओळखलं, हा जाणार. एका मुलीचं जुळत आलेलं स्थळ 'कुठली बँक?' या प्रश्नावर थांबलं, नंतर निरोपच नाही. तीही गेली.

व्यवस्थापनाने काय करावं? स्नेहमेळावा! 'मला अभिमान आहे' छापलेले टी-शर्ट, मसालेभात, जिलेबी. जिलेबी उत्तम होती, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात आणखी दोन राजीनामे.

माझ्या निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले, 'हे खरे निष्ठावंत.' कसली निष्ठा हो! बाकीचे सोडून जात होते तेव्हा माझं वय चोपन्न, आणि घराचं कर्ज त्याच बँकेचं.

बाकी आपण तरुणांना निष्ठा शिकवत असताना आमच्या बँकेच्या वर्धापनदिनाची पानभर जाहिरात आपल्याच पेपरात येते, तीही अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोसह, हे सहज आठवलं.

— एक निवृत्त रोखपाल, मिरज
(नाव छापू नये. ठेव अजून तिथेच आहे.)

ता. क. : हजारावरून आठवलं. ईपीएस-९५ या पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपयांवरच आहे. त्यावर आपला अग्रलेख शेवटचा कधी आला होता?