आरोग्यमंत्री साहेब, चेहरा शरीरात धरता की नाही तेवढं एकदा जीआर काढून सांगा

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा. न. वि. वि.

साहेब, तुम्ही कामात असता हे माहीत आहे, म्हणून खरं तर चार ओळीच लिहिणार होतो. पण काल रस्ते अपघाताच्या कॅशलेस योजनेचा कागद हातात पडला, 'अपघाताच्या तारखेपासून 7 दिवसांनंतरचे उपचार योजनेत समाविष्ट नाहीत, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे', आणि त्यातला तो 'सबब' वाचून डोकंच फिरलं. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर बारीक मापाचे पार्ट काढतो. दुसरी पाळी संपवून बाईकवरून घरी येताना सर्व्हिस रोडला पाइपसाठी खणून तसाच सोडलेला चर होता, ना बॅरिकेड ना लाल कापड, तिथं गाडी गेली आणि मी तोंडावर दगडी कठड्यावर. हेल्मेट होतं. आयएसआयचं होतं. पण अर्धं, तोंड उघडं राहतं ते. फुल फेस घेतलं की उन्हाळ्यात डोकं शिजतं, आणि हेल्मेटसक्ती म्हटलं की आपल्याकडं लगेच कृती समिती उभी राहते हा वेगळा विषय आहे, त्यावर परत कधीतरी.

रात्री एका सरकारी दवाखान्यात नेलं. भुवईला टाके घातले, डोक्याचा सीटी काढला, तोंडाचा एक साधा एक्स-रे काढला. कॅज्युअल्टीतले साहेब म्हणाले मेंदूला काय नाही, नशीबवान आहात, सूज उतरली की ओपीडीला दाखवा. त्यांच्यावर राग नाही माझा, एकटा पोरगा होता, शेजारी दोन पॉयझनिंग आणि एक बाळंतीण चालू होती, आणि आधी श्वास, मान, मेंदू बघायचं हे त्यांचं बरोबरच आहे. पण नंतर तरी कुणीतरी चेहरा बघायचा का नाही? डोळा सुजून बंद झालेला, तो उघडून दिसतंय का एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. गाल बधिर आहे, वरचा ओठ बधिर आहे, दात एकमेकांवर बसत नाहीत असं मी बोलत होतो. उत्तर एकच, सुजेमुळं होतं.

सुजेमुळं होत नव्हतं साहेब. सूज उतरली तेव्हा डावा गाल सपाट, डोळा आत गेलेला, आणि वर बघितलं की सगळं डबल. मग खाजगीत चेहऱ्याचा सीटी काढला. गालाचं हाड चार ठिकाणी जिथं जोडलेलं असतं तिथून सुटून आत दबलेलं, डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटून आतली चरबी खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडामागच्या पोकळीत, लोंबकळत होती, वरच्या जबड्याला आडवी चीर. ज्या मॅक्सिलोफेशिअल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांच्या, सर्जननी बघितलं त्यांनी एक हात नाकाच्या मुळाशी ठेवला, दुसऱ्या हाताच्या चिमटीत वरचे पुढचे दात धरून हलवून बघितले तर आख्खी टाळू हलली. मशीन लागलं नाही. खोबणीच्या कडेवरून बोट फिरवलं तर पायरी लागली. बोट वर-खाली नेऊन डोळे फिरवायला लावले, गालाला कापूस लावून विचारलं कळतंय का. पाच मिनिटं लागली असतील. पैसे शून्य. हे पहिल्या रात्री झालं असतं तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो.

बरं हे काय नवीन संशोधन आहे का? ले फोर नावाच्या फ्रेंच सर्जननं 1901 साली पस्तीस मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून बघितले, आणि वरचा जबडा ठरावीक तीन रेषांत तुटतो हे लिहून ठेवलं. ले फोर एक, दोन, तीन. वरून कातडी बरी दिसते आणि आत हाडं मोडलेली असतात हेही त्यानं तेव्हाच सांगितलं. सव्वाशे वर्षं होत आली. आमच्याकडं अजून 'वरून तर बरं दिसतंय' चाललंय.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. डोळ्याच्या खोबणीचा तळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, काही ठिकाणी त्याहून कमी. आणि डोक्याचा सीटी साधारण पाच-पाच मिलिमीटरच्या स्लाइसनं, म्हणजे आडव्या कापांनी, काढतात, कारण तो मेंदूतला रक्तस्राव बघायला असतो. पाचच्या स्लाइसमध्ये अर्ध्याचं हाड शोधायचं? आमच्या शॉपवर असं कुणी मोजमाप केलं तर सुपरवायझर गेटच्या बाहेर काढतो. चेहऱ्याला एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक स्लाइस लागतात, तीन बाजूंनी बघावं लागतं, थ्रीडी केलं की कुठला तुकडा कुठं गेलाय ते दिसतं. माणूस त्याच मशीनवर झोपलेला असतो, टेबल चार बोटं अजून पुढं न्यायचं असतं बघा. पण कागदावर 'सीटी ब्रेन' लिहिलंय, मग हनुवटीपर्यंत कोण जाणार, उगाच कुणी सही मागायला नको.

आणि आता तुमचे 7 दिवस. 5 मे 2025 ला केंद्रानं मोठ्या थाटात कॅशलेस योजना काढली, रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंत उपचार, अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त 7 दिवस. केंद्राची आहे, माझ्याकडं काय अधिकार, असं म्हणाल. म्हणा. पण राज्यात राबवायला तुमचीच माणसं बसतात ना. चेहऱ्याच्या हाडांना सर्जन बहुतेक वेळा सूज उतरायची वाट बघतात, पाच-सात-दहा दिवस, कारण सुजलेल्या तोंडावर गाल दोन्ही बाजूंना सारखा झाला का ते कळत नाही. दुसरीकडं दोन आठवड्यांच्या पुढं गेलं की हाड आहे तिथंच वाकडं धरायला लागतं आणि मग जुळलेलं परत तोडून बसवायला लागतं. म्हणजे ऑपरेशनची बरोबर वेळ ती, आणि योजनेचं दार त्याच्या तोंडावरच बंद. ही योजना लिहिताना एकातरी तोंडाच्या सर्जनला विचारलं होतं का, का सगळे हाडवैद्य आणि कलेक्टरच बसले होते?

मग दुसऱ्या योजनेच्या खिडकीवर गेलो. तिथला पोरगा म्हणाला हे दातांच्या खात्यात येतं, इकडं नाही. दातांच्या इकडं म्हणाले हे डोळ्याचं आहे. एकानं तर सरळ सांगितलं, काका हे कॉस्मेटिकमध्ये जातंय. कॉस्मेटिक! मी काय नाक सरळ करून मॉडेलिंगला निघालोय का राव? पोलिसांच्या कागदावर माझी दुखापत गंभीर आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 116 आहे, चेहरा कायमचा विद्रूप होणं गंभीर, हाड किंवा दात मोडणं गंभीर. तोच माणूस, तोच चेहरा, दवाखान्याच्या केसपेपरवर 'फेशिअल इंज्युरी, मायनर'. कायद्याला जे गंभीर वाटतं ते आरोग्य खात्याला किरकोळ वाटतं. दोघांनी एकदा चहा पीत बसून ठरवा.

शेवटी खाजगीत ऑपरेशन केलं. बायकोच्या पाटल्या गेल्या, पतसंस्थेचं कर्ज झालं. उशीर झाल्यामुळं सर्जननी आधीच सांगितलं होतं की शंभर टक्के होणार नाही. भुवईजवळ, खोबणीच्या कडेला आणि तोंडाच्या आतून टायटॅनियमच्या प्लेटा, डोळ्याखाली जाळी, आणि दात बरोबर बसावेत म्हणून वरचा-खालचा जबडा तारांनी बांधला. तोंड बांधलेल्या माणसाला घर कसं वाटतं ते सांगू का? पोरं शेजारी तांबडा-पांढरा ओरपतायत आणि मी गाळलेला पांढरा रस्सा सिरिंजनं गालातून सोडतोय. शिंक आली तरी नाक दाबायचं नाही, शिंकरायचं नाही. बोलायचं म्हटलं तर नुसतं हुं हुं. रात्री उलटी झाली तर तारा कापायला उशाला कटर ठेवलेलं, आणि बायको त्या कटरकडं बघत जागी.

आणि आता कामावर व्हर्निअर, आमची बारीक मापाची पट्टी, धरला की दोन-दोन रेघा दिसतात. पंधरा वर्षं ज्या हातानं मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखला त्याला आता हेल्परचं काम दिलंय, पगार पण हेल्परचाच. याला अपंगत्वाचा दाखला मिळतोय का विचारलं तर म्हणाले दोन्ही डोळ्यांनी दिसतंय की तुम्हाला. दिसतंय हो. जरा जास्तच दिसतंय.

राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये लिहिलंय की 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू. 2025 गेलं. अडीच टक्के काय आले नाहीत. 2022 ला देशात 4 लाख 61 हजार अपघात झाले, 1 लाख 68 हजार माणसं मेली, सरकारचाच आकडा. जे मेले नाहीत ते गंभीर नाहीतर किरकोळ या दोन डब्यांत टाकायचे आणि झाकण लावायचं. आजरा, चंदगड, गगनबावड्यावरून, तळकोकणातून, निपाणीकडून माणूस कोल्हापूरलाच येतो आणि हायवेचं सहापदरीकरण चालू आहे, म्हणजे पडणार तर आहेतच. मग रात्री दोन वाजता तोंडाचं हाड बघणारा माणूस ड्युटीवर पाहिजे का नको? बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टरकी, झाल्यावर तीन वर्षं हेच शिकलेली पोरं आहेत आपल्याकडं, ती दाढा काढत क्लिनिक चालवतायत कारण सरकारात जागा निघत नाही. आणि चौकाचौकात डिजिटल बोर्डावर मात्र एकेक चेहरा वीस-वीस फुटी, एकाचाही गाल दबलेला नाही.

कोल्हापूरकर मागून दमत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. टोल घालवला. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी चाळीस वर्षं घासली, 18 ऑगस्ट 2025 ला कामकाज सुरू झालंच. मी त्यापुढं काय मोठं मागत नाही. तोंडाला मार असला तर डोक्याबरोबर चेहऱ्याचाही बारीक स्लाइसचा सीटी त्याच वेळी काढायचा, असा एक आदेश काढा. कॅज्युअल्टीत नजर, डोळ्याची हालचाल, दातांची ठेवण, बधिरपणा हे चार रकाने केसपेपरवर छापा, छापलं की भरावं लागतं. ते 7 दिवस चेहऱ्याच्या ऑपरेशनला लावू नका, दिल्लीशी भांडायचं असलं तर भांडा, निवडणुकीत भांडता तसं. प्लेटा आणि स्क्रू स्टोअरला ठेवा, 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी बंद करा.

माझं म्हणाल तर डोळ्याच्या स्नायूचं आणखी एक ऑपरेशन सांगितलंय. त्याला कुठली योजना लागू होते ते तेवढं लेखी कळवा, आणि दिवस कधीपासून मोजणार तेही.

आपला,
एक सीएनसी ऑपरेटर (सध्या हेल्पर)
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर