गाव उठले ते दुष्काळानेच? इनामगावचा पुरावा पुन्हा मोजा

प्रति,
संपादक महोदय,

प्राचीन काळी पाऊस हटला आणि माणसे गाव सोडून गेली, अशा आशयाची बातमी वर्षातून दोनचारदा तरी छापून येते. दुष्काळ आणि स्थलांतराचा संबंध आम्ही नाकारत नाही, आमचे कामच त्यावर चालते. तक्रार वेगळी आहे. दुष्काळाची तारीख एका ठिकाणची, गाव उठल्याची दुसऱ्या ठिकाणची आणि दोन्ही तारखा किती वर्षे मागेपुढे सरकू शकतात याचा पत्ता नाही, असे बातम्यांत सर्रास होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर याचा सर्वांत मोठा फटका इनामगावला बसला आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) टेकाडांचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. सांकलिया, अन्सारी आणि धवलीकर या तिघा पुरातत्त्वज्ञांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. येथे वस्तीचे तीन थर मिळाले, मातीच्या भांड्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या संस्कृतींची नावे त्यांना आहेत: माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). पूर्व जोर्वे काळातली घरे चौकोनी आणि ऐसपैस. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, हुलगा, वाल. नदीचे पाणी वळवायला बांध आणि कालवासुद्धा होता. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात आणि गहू जवळजवळ दिसेनासा होतो. पाळीव गुरांची हाडे घटतात, हरणांसारख्या शिकारीच्या प्राण्यांची वाढतात. मग वस्ती संपते.

धवलीकरांनी याची संगती पर्जन्यमान घटण्याशी लावली. इ.स.पू. १००० च्या सुमारास दायमाबाद, नेवासे, प्रकाशे अशी तापी-गोदावरी खोऱ्यांतली जोर्वे गावे ओस पडली आणि भीमेच्या खोऱ्यात काही वस्त्या आणखी तीनशे वर्षे कशाबशा टिकल्या, हे त्यांचे निरीक्षण आजही उभे आहे. बातम्यांत मात्र हे तीनशे वर्षांचे टिकणेच गळून जाते. इनामगावकरांनी आधी घर बदलले, मग पीक, मग मांसाचा स्रोत. गाव सोडणे हा शेवटचा उपाय होता. संकट आले की माणूस लगेच चालू लागतो, हे गृहीतक इथेच लंगडे पडते.

आता दुष्काळाच्या पुराव्याकडे. मेघालयातील मावम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचा दाखला हल्ली सगळीकडे दिला जातो. ४२०० वर्षांपूर्वीच्या शुष्क टप्प्यावरून २०१८ साली भूशास्त्रीय कालखंडाला ‘मेघालयन’ असे नावही मिळाले. पण ही गुहा असलेल्या सोहरा (चेरापुंजी) परिसरात वर्षाला ११,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इनामगावच्या पट्ट्यात ५०० च्या आसपास. अंतर सुमारे १९०० किलोमीटर. त्यात मोसमी पावसाला खंड पडतो तेव्हा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. ईशान्येला पाऊस वाढतो आणि दख्खन कोरडे राहते. तिथल्या स्तंभातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) इथल्या शेतातला ओलावा थेट काढता येत नाही. शिवाय त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्तंभाचे अधिक बारीक मोजमाप झाले, तेव्हा त्या सलग महादुष्काळाच्या जागी काही दशकांचे तुटक दुष्काळ दिसले.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये चुनखडीच्या गुहा नाहीत, त्यामुळे असे स्तंभ आपल्याकडे मिळणार नाहीत. पण लोणार आहे. इनामगावपासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवरच्या या सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या सुमारे दहा मीटर लांब गाभ्यात जवळपास ११,००० वर्षांची नोंद आहे. बाष्पीभवन वाढून पाणी फार खारट आणि अल्कधर्मी झाले की त्यात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक तयार होतात आणि गाळात अडकून राहतात. हे स्फटिक असलेले थर म्हणजे दीर्घ दुष्काळाची खूण. ते दोन टप्प्यांत येतात: आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. या शास्त्रात ‘आज’ म्हणजे १९५० साल, म्हणून पहिला टप्पा इ.स.पू. २६५० ते १९५० आणि दुसरा इ.स.पू. ५० ते इ.स. १३५० असा वाचायचा.

आता या तारखा गावांच्या तारखांशेजारी ठेवून पाहा. जोर्वे गावे ओस पडली ती इ.स.पू. १००० च्या सुमारास, म्हणजे दोन्ही टप्प्यांच्या मधल्या काळात. उलट महाराष्ट्रातली पहिली शेतकरी गावे, दायमाबादचे सावळदा आणि उत्तर हडप्पा हे जोर्वेच्या आधीचे थर, इ.स.पू. २२०० च्या आसपास सुरू होतात, ऐन पहिल्या दुष्काळात. दुसऱ्या टप्प्यात तर सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट आणि यादव सगळेच येतात. लोणारची नोंद प्रमाण मानली, तर आपल्याकडे दीर्घ दुष्काळात वस्ती आली आणि तो नसताना गेली! अर्थात लोणारलाही मर्यादा आहेत. १९७२ च्या दुष्काळाने लाखो माणसांना रोजगार हमीच्या कामांवर नेले, पण तीनचार वर्षांच्या अशा तुटीने सरोवराच्या तळाशी स्फटिकांचा जाड थर साचत नाही. पाचशे मिलिमीटरच्या गावाला उठवायला मात्र तेवढी तूट पुरते. म्हणून लोणारने धवलीकरांना खोटे ठरवले असेही आम्ही म्हणणार नाही.

दुसरा घोळ कार्बन-१४ च्या, म्हणजे जुन्या लाकडात वा धान्यात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या तारखांचा. जुन्या पद्धतीत काही ग्रॅम कोळसा लागे, म्हणून जळलेले वासे आणि खांब वापरले गेले. खांब शंभर वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातला असेल, तर तारीख घराच्या वयापेक्षा तेवढी जुनी येते. त्यात ± १०० वर्षे लिहिलेली असली की ती फक्त दोनतृतीयांश खात्रीची मर्यादा असते. ९५ टक्के खात्री हवी तर दुप्पट करा, म्हणजे चारशे वर्षांचा पट्टा झाला. पूर्व जोर्वेचा सगळा काळ तेवढाच आहे. त्याहून वाईट म्हणजे कार्बन-१४ चा आकडा ज्या आलेखावरून खऱ्या वर्षांत बदलतात, तो इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट आहे. प्रयोगशाळेने २४५० वर्षे असे उत्तर दिले, तर नमुना इ.स.पू. ७४० चा असू शकतो आणि ४२० चाही. उत्तर जोर्वेचा शेवट नेमका या सपाट भागाच्या तोंडाशी येतो. ‘इ.स.पू. ७००’ हा आकडा म्हणून सैल हातानेच धरायला हवा.

हा घोळ काय करू शकतो ते राजस्थानने दाखवले आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गुरदीप सिंग यांनी तिथल्या सरोवरांतील परागकणांवरून हडप्पा काळात पाऊस भरपूर होता आणि तो घटल्याने नगरे संपली, असे मांडले. १९९९ साली त्यांतल्याच लूणकरणसर सरोवराची नव्याने मोजणी झाली. सरोवर कार्बन-१४ च्या ४८०० वर्षांपूर्वीच आटले होते. आलेखावरून दुरुस्ती न करता हा आकडा इ.स.पू. २८५० वाटतो, दुरुस्ती केल्यावर ३५५० च्या आसपास जातो. नगरे उभी राहिली २६०० ला, म्हणजे सरोवर कोरडे झाल्यावर सुमारे साडेनऊशे वर्षांनी.

इनामगावची माणसे गेली कुठे, हे सांगणे तर आणखी अवघड. दातांच्या कवचातील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून माणूस लहानपणी कोणत्या खडकाच्या प्रदेशात वाढला ते कळते, पण तापीपासून भीमेपर्यंत सगळा बेसाल्टच असल्याने खोऱ्याखोऱ्यातला फरक पुसट होतो. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन नगरात साठहून अधिक नमुन्यांपैकी एकाच स्त्रीचा जनुकीय आराखडा हाती लागला. इनामगावात दोनशेहून अधिक दफने आहेत, बहुतेक लहान मुलांची, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत. या हाडांवर काम करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांना उत्तर जोर्वे काळात मुलांची वाढ खुंटलेली दिसली, आणि तीव्र दुष्काळाच्या पुराव्यावर त्यांनीच प्रश्न उभा केला. उपासमारीला दुष्काळच लागतो असे नाही. तीच जमीन चारशे वर्षे कसली, सरपण तोडले, चराई वाढली, तरी ताटातले कमी होते. आम्हाला हे स्पष्टीकरण अधिक पटते.

म्हणून विनंती अशी की यापुढे असे वृत्त देताना तीन गोष्टी छापाव्यात: हवामानाची नोंद कुठली आणि वस्तीपासून किती दूर, तारखेची ± मर्यादा किती, आणि तारीख कशावरून काढली, लाकडावरून की धान्यावरून. धान्याचा दाणा एकाच हंगामातला असतो, म्हणून त्याला महत्त्व. आजच्या अॅक्सिलरेटर पद्धतीला काही मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे जवाचा एक जळका दाणा, आणि अशी यंत्रे दिल्लीत आणि अहमदाबादेत आहेत. इनामगावच्या आणि दायमाबादच्या प्रत्येक थरातले पाचसहा दाणे, खालून वर क्रमाने, मोजून घेतले तर थरांच्या क्रमाचा आधार मिळून ‘इ.स.पू. १०००’ ची मर्यादा बरीच आवळता येईल. सपाट आलेखातली अडचण तेवढ्याने पूर्ण सुटणार नाही, पण पूर्व जोर्वेचा शेवट आणि दायमाबादचा शेवट एकाच पिढीतला की शंभर वर्षांच्या अंतराने, एवढे तरी ठरेल. अंतर शंभर वर्षांचे निघाले, तर दोन्ही गावांसाठी एकच दुष्काळ पुरणार नाही.

आपले,
पुरातत्त्व व पुराहवामानाचे दोन अभ्यासक, पुणे