‘कार्मिला’ला कोकणच्या वाड्यात आणू नका

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतले ‘कार्मिला’वरचे टिपण वाचले. आयरिश लेखक शेरिडन लेफानूची, माणसांचे रक्त पिणाऱ्या मेलेल्या बाईची ही छोटी कादंबरी १८७१-७२ मध्ये मासिकातून क्रमशः आली, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधी. तिची मराठीत दखल घेतल्याबद्दल आभार. मात्र कथा कोकणातल्या एखाद्या जुन्या वाड्यात आणून वाचनालयांनी तिचे अभिवाचन करावे, ही सूचना अर्धीच पटली. अभिवाचन जरूर व्हावे, पण कथा ऑस्ट्रियातल्या स्टिरियातच राहू द्यावी.

कथा सांगणाऱ्या लॉराच्या वडिलांची गढी रानात एकटी आहे. सर्वांत जवळचे नांदते गाव सात मैलांवर, वडिलांचा स्नेही असलेल्या जनरलचे घर जवळजवळ वीस मैलांवर. म्हणून तर घोडागाडी उलटल्यावर एक आई आपल्या मुलीला तीन महिन्यांसाठी परक्या घरी ठेवून निघून जाते, आणि ती मुलगी, म्हणजे कार्मिला, ‘घराणे जुने आहे, घर पश्चिमेला आहे’ एवढेच सांगते, हे खपून जाते. आपल्याकडे पाहुणी ओटीवर टेकते न टेकते तोच गाव कुठला, कुणाची कोण, हे विचारून होते. दिवेलागणीपर्यंत अख्ख्या वाडीला तिचे आजोळसुद्धा ठाऊक. कार्मिलाच्या त्या मौनावाचून पुढचे काहीच उभे राहत नाही.

पहिल्याच प्रकरणातला पलंग घ्या. सहाएक वर्षांची लॉरा रात्री जागी होते, तर शेजारी एक देखणी तरुणी. तिच्या कुशीत पोर झोपी जाते आणि छातीत दोन सुया एकदम रुतल्यासारखे होऊन किंचाळत उठते. ती बाई पलंगाखाली सरकल्याचा भास होतो. दाया धावत येतात, पलंगाखाली, कपाटात शोधतात, कोणी नाही. मग घराची कारभारीण दाईला हलक्या आवाजात सांगते, गादीतल्या त्या खळग्यावर हात ठेवून बघ, जागा अजून उबदार आहे. सगळी भीती त्या एका तळहातात आहे. चटईवर गोधडी अंथरली की खळगाही गेला आणि लपायची जागाही गेली. वाचतानाही इथे पार्श्वसंगीत घालू नये, आवाज चढवू नये.

सगळ्यात मोठी अडचण प्रेताची. पंधराव्या प्रकरणात थडगे उघडतात तेव्हा दीडशे वर्षांमागे पुरलेल्या बाईच्या, म्हणजे कार्मिलाच्याच, चेहऱ्यावर रंग आहे, डोळे उघडे आहेत, श्वास मंद चालू आहे आणि शिशाच्या पेटीत सात इंच रक्त आहे. उपाय काय, तर छातीत खुंट ठोकणे, शिर तोडणे, धड-शिर लाकडांच्या चितेवर जाळणे आणि राख नदीत सोडणे. दहन आणि राख पाण्यात सोडणे, हे आपल्याकडे लहान मूल किंवा संन्यासी वगळता बहुतेक प्रत्येकाचे पहिल्या काही दिवसांतच उरकते. तिथे तोच शेवटचा, जालीम उपाय. त्यामुळे आपल्याकडच्या मुंजा, समंध, हडळ यांना देहच नाही. ते पिंपळाला, विहिरीला, अपुऱ्या राहिलेल्या वासनेला चिकटलेले. त्यांच्यासाठी पिंड, गाऱ्हाणे, राखणदाराचा मान. खुंट ठोकायचा कशात? मग रूपांतरकार नाइलाजाने उलट्या पावलांची हडळ उभी करतो. ती उंबऱ्यातच ओळखू येते. कार्मिला कित्येक आठवडे ओळखू येत नाही, कारण तिची माया खोटी नाही. लॉराला तिची ओढ वाटते आणि त्याच क्षणी शिसारीही येते. ही दुहेरी भावना गेली तर उरते ती नुसती भुताची गोष्ट.

नावेही बदलू नयेत. कार्मिला, मिर्काला, मिलार्का या तिच्याच तीन नावांत त्याच अक्षरांची उलटापालट आहे आणि तो त्या बाईवर लादलेला नियमच आहे. सुदैवाने देवनागरीतही ती बसते.

एकूण सोळा प्रकरणे आहेत. तीन बैठका कराव्यात: पहिली पाचपर्यंत, म्हणजे १६९८ सालचे एक जुने चित्र साफ होऊन त्यात कार्मिलाचा चेहरा, अगदी गळ्यावरच्या तिळासकट, निघतो तिथपर्यंत, दुसरी नऊपर्यंत, तिसरी उरलेली. वेळ वाचवायला, आपण सांभाळलेली मुलगी कशी मेली ही जनरलची हकिगत गाळण्याचा मोह होतो, कारण तिच्यात सगळे पुन्हा येते. ते पुन्हा येणेच महत्त्वाचे आहे. आपलीच दुखणी दुसऱ्या, मेलेल्या मुलीच्या नावाने लॉरा तिथे ऐकत असते. कात्री लावायचीच तर प्रवासातल्या निसर्गवर्णनाला लावा. कार्मिलाचा दात टोचणीसारखा अणकुचीदार आहे, तो कानशीने घासून देतो, असे तिला तोंडावर सांगणारा कुबडा फिरस्ता मात्र राहू द्या. त्या घरात खरे बोलणारा पहिला माणूस तोच.

वाचन आषाढ-श्रावणात ठेवू नये. बऱ्याच वाचनालयांच्या सभागृहांवर पत्रे आहेत आणि पावसाच्या माऱ्यात हलकी वाक्ये तिसऱ्या रांगेपुढे जात नाहीत. दिवाळीनंतर, गावोगावच्या जत्रा आणि दहीकाल्यांच्या (दशावतारी नाटकांच्या रात्रींच्या) तारखा टाळून, संध्याकाळी सातला सुरुवात करावी.

आपला,
एक वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग