बाण पाठ करून आवर्तसारणी कळत नाही

संपादक महोदय,

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. आवर्तसारणीचा धडा आला की निम्म्या वह्यांत क्लासमधून आलेले दोन बाण असतातच, उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी, खाली जाताना जास्त, आणि आयनीभवन ऊर्जेचं (अणूतला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचं) बरोब्बर उलट, झाले ट्रेंड. आणि का, म्हणून विचारलं की सगळा वर्ग गप्प.

परवा एका हुशार मुलीला विचारलं, नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे 1402 किलोज्यूल लागतात आणि पुढच्या ऑक्सिजनचा 1314 मध्येच कसा निघतो? ती पटकन म्हणाली, मॅडम तो अपवाद आहे, पाठ केलाय. मग तिला फळ्यावर टू-पीचे, म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन बसतात त्या जागांचे, तीन चौकोन काढायला लावले. नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन एकेका चौकोनात नीट बसले, ऑक्सिजनचा चौथा घेऊन ती थांबली, मग तो एकात घुसवला आणि स्वतःच म्हणाली, इथे दोघं एकमेकांना ढकलणार ना, मग एक सहज निघेल! पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि हे ती आता कधी विसरणार नाही.

सोडियमचंही तेच. पहिला इलेक्ट्रॉन 496 ला सुटतो, दुसऱ्याला 4562, म्हणजे नऊपटींहून जास्त, कारण तो आतल्या कवचातला, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या आतल्या थरातला असतो, केंद्रकाच्या जवळ, आणि त्याच्या आड येणारे इलेक्ट्रॉन फक्त दोन. नुसत्या या दोन आकड्यांवरून पोरांना कवच म्हणजे काय ते दिसतं, पण आपण कवचांतले इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे लिहून घेतो आणि पुढे जातो. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने 1869 मध्ये ॲल्युमिनियमखाली जागा मोकळी सोडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता, तरी 1875 मध्ये गॅलियम सापडलं ते त्याच जागेवर बसलं, कारण तो माणूस गुणधर्म एकमेकांशी ताडून बघत होता.

सीईटीच्या एमसीक्यूंचं प्रेशर मला कळतं, मी स्वतः त्याच रेट्यात शिकवते. तरी शिक्षकांना आणि पेपर काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, ट्रेंडचा प्रश्न विचाराल तिथे कारणालाही मार्क ठेवा आणि वर्षातले दोन तास आलेख कागदाला द्या. पहिल्या 20 मूलद्रव्यांच्या आयनीभवन ऊर्जा मुलांना स्वतः मांडू देत. आमच्याकडे मांडल्या तेव्हा हेलियम, निऑन, आरगॉनला टोकं आली आणि लगेच पुढे लिथियम, सोडियम, पोटॅशियमला रेघ धाडकन खाली, आणि मागच्या बाकावरचा एरवी तोंड न उघडणारा मुलगा पोटॅशियमवर पेन ठेवून म्हणाला, मॅडम, इथून नवीन कवच सुरू झालं का?

आपली,
एक केमिस्ट्री शिक्षिका, सातारा जिल्हा